शंका-समाधान : मायक्रोकंट्रोलर बोर्डाशी पहिली गाठ

प्रोग्राम करता येणाऱ्या लहान बोर्डांवर इलेक्ट्रॉनिक प्रकल्प करून पाहू इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे साचली आहेत. सारख्या आशयाच्या पत्रांतून एकेक प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. या पत्रांतून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. बहुतेकांना धास्ती वाटते ती कोडची, आणि अडचण मात्र निघते ती तारांत, वीजपुरवठ्यात किंवा विद्युतप्रवाहात. त्यामुळे उत्तरांचा कलही त्याच बाजूला आहे.

प्रश्न : मी हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो आहे. इलेक्ट्रॉनिक्स कधी शिकलो नाही, संगणक कामापुरता येतो. आर्डुइनो, ईएसपी३२, पिको, रास्पबेरी पाय, मायक्रोबिट ही नावे वाचून गोंधळ उडतो. सुरुवात कोणत्या बोर्डापासून करावी?

उत्तर : आधी या यादीतून एक नाव बाजूला काढू. रास्पबेरी पाय आकाराने लहान असला तरी तो पूर्ण संगणक आहे. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते, तो सुरू व्हायला वेळ लागतो आणि रीतसर बंदही करावा लागतो. मायक्रोकंट्रोलर बोर्डाचे तसे नसते. आकडेमोड करणारा भाग, मेमरी आणि बाहेरच्या तारा जोडायच्या पिनांचे नियंत्रण हे सारे त्याच्या एकाच चिपमध्ये असते. वीज मिळताच त्यात साठवलेला एकमेव प्रोग्राम सुरू होतो आणि वीज काढून घेईपर्यंत तोच पुन्हापुन्हा चालत राहतो. २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको हा नावाने त्याच घराण्यातला असला तरी तो मायक्रोकंट्रोलर बोर्डच आहे, आणि हे नामसाम्य नवशिक्यांना हमखास चकवते.

आपल्यासाठी माझी शिफारस आर्डुइनो उनोची आहे, तीही त्याच्या आर-३ या आवृत्तीची. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावच्या एका डिझाइन संस्थेत झाला, आणि इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यांना तो वापरता यावा हाच त्यामागचा हेतू होता. म्हणजे तो मुळात आपल्यासारख्यांसाठीच बनला आहे. आकड्यांत पाहिले तर उनो किरकोळ वाटेल. त्याची एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झ वेगाने चालते, प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा असते आणि चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट, ज्यात हे उत्तरसुद्धा मावणार नाही. पण दिवा लावणे, तापमान वाचणे, मोटर फिरवणे या कामांना तेवढी जागा पुरून उरते. शिवाय तो ५ व्होल्टवर चालतो, नवख्या हातांचा धसमुसळेपणा बऱ्यापैकी सोसतो, आणि त्यावर काम करताना पडणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे कोणी ना कोणी आधीच लिहून ठेवली आहेत.

२०२३ साली आलेला उनो आर-४ त्याच आकाराचा, ५ व्होल्टचाच आणि पुष्कळ वेगवान आहे. मात्र आर-३ च्या एका पिनेतून २० मिलिअँपिअर प्रवाह निर्धास्तपणे घेता येतो, तर आर-४ साठी ही मर्यादा ८ मिलिअँपिअर आहे. म्हणून जुन्या पुस्तकांतली सर्किटे त्यावर जशीच्या तशी उतरवू नयेत. ईएसपी३२ मध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ अंगचेच आहे, वेगही २४० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, परंतु तो ३.३ व्होल्टचा आहे, त्याच्या काही पिना केवळ इनपुटच्या आहेत, आणि काही पिना बोर्ड सुरू होण्याच्या क्षणी विशिष्ट स्थितीत असाव्या लागतात. या अटी पहिल्याच आठवड्यात सांभाळणे जड जाते. तो दुसरा बोर्ड म्हणून घ्यावा.

बोर्डाच्या जोडीला एक ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचून जोडणी करायची छिद्रांची पाटी), जंपर वायरी, काही एलईडी, दोन-तीन बटणे, २२० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे घटक; ओहम हे त्या अडवणुकीचे, म्हणजे रोधाचे माप) एवढे सामान पुरे. आणि व्होल्टेज, प्रवाह व रोध मोजणारा एक साधा डिजिटल मल्टिमीटर अवश्य घ्यावा. खर्चाला कात्री लावायचीच असेल तर पस्तीस-चाळीस सेन्सरांचा तो आकर्षक पेटारा सोडावा, मल्टिमीटर सोडू नये.

प्रश्न : हुबेहूब उनोसारखे दिसणारे, पण दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त बोर्ड मिळतात. ते घेणे योग्य आहे का? ते बेकायदा तर नाहीत?

उत्तर : आर्डुइनो उनोचा आराखडा खुला आहे. त्यावरून बोर्ड बनवून विकण्यास मुभा आहे. आर्डुइनोचे नाव आणि चिन्ह लावून विकण्यास मात्र नाही. शिकण्यासाठी असे बोर्ड चालतात. फरक बहुधा दोन ठिकाणी असतो. संगणकाशी यूएसबीने बोलणारी चिप मूळ बोर्डापेक्षा वेगळी, पुष्कळदा सीएच३४० ही असते, आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ती ओळखता यावी यासाठीचा छोटा प्रोग्राम, वेगळा बसवावा लागतो. दुसरा फरक व्होल्टेज रेग्युलेटरच्या, म्हणजे बाहेरून आलेले व्होल्टेज बोर्डाला हवे तेवढ्यावर आणणाऱ्या भागाच्या दर्जात असू शकतो. तो यूएसबीवर काम करताना जाणवत नाही, बाहेरची बॅटरी जोडली की जाणवतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे. एलईडी रेझिस्टरशिवाय थेट १३ व्या पिनेला आणि ग्राउंडला (बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या पिनेला) जोडला. तो छान लागला आणि अजूनही लागतो. मग प्रत्येक आकृतीत रेझिस्टर दाखवून गुंतागुंत कशाला वाढवतात?

उत्तर : एलईडी लागतो आहे, पण पिनेला काय सोसावे लागते आहे ते दिसत नाही. साध्या दिव्याप्रमाणे एलईडी स्वतःचा प्रवाह स्वतः आवरत नाही. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट मिळेपर्यंत त्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही, आणि त्यापुढे व्होल्टेज थोडेसे वाढले तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. त्याला थेट ५ व्होल्टच्या पिनेला जोडले की प्रवाहाला अडवणारा एकच घटक उरतो, तो म्हणजे चिपमधल्या त्या पिनेचा स्वतःचा अल्पसा रोध. एटीमेगाच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, आणि कमाल मर्यादा याचा अर्थ 'तेवढ्यावर चालवा' असा नसून 'त्यापुढे चिपची हमी नाही' असा आहे. आपण त्या रेषेच्या पलीकडे गेलेले असण्याचीच शक्यता जास्त आहे. अशा वेळी पिन लगेच मरेलच असे नाही. ती हळूहळू दुबळी होते आणि पुढे भलत्याच प्रकल्पात दगा देते.

हिशेब सोपा आहे. पिनेचे ५ व्होल्ट, त्यातून एलईडीचे २ वजा केले की उरतात ३. हे ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडणार. २२० ओहमचा रेझिस्टर असेल तर ३ भागिले २२०, म्हणजे सुमारे १३.६ मिलिअँपिअर. डोळ्यांना हा प्रकाश पुरेसा असतो आणि पिनेलाही त्रास नसतो. निळ्या किंवा पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे त्याच रेझिस्टरने प्रवाह ९ मिलिअँपिअरवर येतो. वर उल्लेखिलेला आर-४ बोर्ड असेल तर लाल एलईडीला ४७० ओहम लावावा. मग प्रवाह ६.४ मिलिअँपिअर होतो आणि ८ च्या मर्यादेत राहतो. रेझिस्टर एलईडीच्या लांब पायाकडे लावला की आखूड पायाकडे, याने काही फरक पडत नाही, कारण एकसर जोडणीत प्रवाह सर्वत्र सारखाच असतो.

१३ व्या पिनेला एलईडी थेट जोडता येतो हा समज कोठून आला असावा याचा अंदाज करता येतो. अगदी जुन्या काही आर्डुइनो बोर्डांवर या पिनेला आतूनच रेझिस्टर जोडलेला असे, आणि त्या काळच्या चित्रांत एलईडी थेट खोचलेला दिसतो. उनोवर तसे नाही.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान मंडळात बटणाचा प्रयोग घेतला. बटण दाबलेले नसतानाही बोर्ड कधी १ दाखवतो तर कधी ०. नुसता हात जवळ नेला तरी आकडे बदलतात. काही मुलांचे बटण एकदा दाबले की तीनदा मोजले जाते. बटणेच सदोष आहेत का?

उत्तर : बटणे बहुधा निर्दोष आहेत, आणि आपण सांगितलेले दोष एक नसून दोन आहेत. त्यांची कारणेही अगदी वेगवेगळी आहेत.

पहिला दोष पिन अधांतरी राहिल्याचा. बटणाचे एक टोक ५ व्होल्टला आणि दुसरे पिनेला जोडले, तर दाबल्यावर पिनेला ५ व्होल्ट मिळतात हे खरे. पण सोडल्यावर ती कशालाच जोडलेली नसते. इनपुट म्हणून ठेवलेल्या पिनेचा रोध दहा कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे जवळची तार, भिंतीतली विजेची वायर किंवा हात यांच्यामुळे निर्माण होणारा नगण्य विद्युतभारही तिला १ किंवा ० कडे ढकलू शकतो. उपाय असा की बटण सुटलेले असताना पिनेला एक निश्चित स्थान द्यायचे. बाहेरून १० किलोओहमचा रेझिस्टर पिनेपासून ग्राउंडला जोडता येतो. त्याहून सोपे म्हणजे बटणाचे एक टोक पिनेला व दुसरे ग्राउंडला जोडून कोडमधल्या पिनमोड या आज्ञेत 'इनपुट पुलअप' लिहावे. मग चिपमधलाच २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. यात वाचन उलटे होते, सोडलेले बटण १ आणि दाबलेले बटण ० दाखवते. मुलांना हे सुरुवातीला विचित्र वाटते, म्हणून आकृती काढून प्रवाहाची वाट बोटाने गिरवून दाखवावी.

दुसरा दोष धातूच्या उसळीचा. बटणातल्या पट्ट्या एकमेकींना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. माणसाला हे एकदाच दाबणे वाटते. सेकंदाला हजारो वेळा पिन वाचणाऱ्या बोर्डाला मात्र बटण अनेकदा दाबल्यासारखे दिसते. बदल दिसताच ३० ते ५० मिलिसेकंद दुसऱ्या कोणत्याही बदलाची दखल घ्यायची नाही, एवढी तजवीज कोडमध्ये केली की काम भागते.

एक पुस्ती जोडतो. चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. बटण ९० अंशांत फिरवून लावले गेले तर ते नेहमी दाबलेलेच राहते. मल्टिमीटरच्या बीप वाजवणाऱ्या मोडवर कोणते पाय जोडीचे आहेत हे मुलांनाच शोधू द्यावे. ब्रेडबोर्डाचेही तसेच करावे. मधल्या भागात आडव्या ओळीतली पाच-पाच छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, मधली खाच त्यांना तोडते, कडेच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने जातात, आणि काही ब्रेडबोर्डांत या कडेच्या पट्ट्या अर्ध्यावर तुटलेल्या असतात. यातली शेवटची गोष्ट मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : दर मिनिटाला तापमान नोंदवायचे होते. डिले या थांबण्याच्या आज्ञेत ६० गुणिले १००० मिलिसेकंद असे लिहिले, तर उनो पहिल्या नोंदीनंतर गप्प झाला. तोच कोड मित्राच्या ईएसपी३२ वर नीट चालतो. माझा बोर्ड बिघडला का?

उत्तर : बोर्ड ठीक आहे. तो आपण सांगितल्याप्रमाणेच थांबला आहे, फक्त जवळजवळ पन्नास दिवसांसाठी.

उनोवर साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असते आणि तिची वरची मर्यादा ३२,७६७ आहे. ६० आणि १००० या दोन्ही संख्या त्या मापात बसतात, म्हणून त्यांचा गुणाकारही त्याच मापात केला जातो. ६०,००० तेथे मावत नाही आणि व्यवहारात त्याचे उणे ५,५३६ होते. डिलेला ऋण संख्या ठाऊक नाही. तो तिला ३२ बिटांची धन संख्या म्हणून वाचतो, आणि ती ४ अब्ज २९ कोटी मिलिसेकंदांच्या वर जाते. ईएसपी३२ वर साधा पूर्णांक मुळातच ३२ बिटांचा असल्याने हा घोटाळा तेथे होत नाही. गंमत अशी की उनोवरही थेट ६०००० लिहिले असते तर काम झाले असते, कारण एवढी मोठी संख्या दिसताच कंपायलर (कोडचे चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आपणहून मोठे माप घेतो. गुणाकारच ठेवायचा असेल तर ६० च्या मागे यूएल ही अक्षरे जोडावीत. संगणकावरील आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलरच्या सूचना दाखवण्याची सोय आहे, पण ती आरंभी बंद असते. ती चालू करून ठेवावी.

दुरुस्ती झाल्यावरही डिलेचा मोह आवरावा असे सुचवतो. डिले चालू असताना मुख्य प्रोग्राम पुढे सरकत नाही. त्या मिनिटात बटण दाबले तरी ते तपासले जाणार नाही. त्याऐवजी मिलिस हे फंक्शन वापरावे, जे बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगते. मागच्या नोंदीची वेळ जपून ठेवायची आणि आताच्या वेळेतून ती वजा करून ६०,००० झाले का ते पाहायचे. ही गणती सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येते, परंतु दोन्ही संख्या 'अनसाइन्ड लाँग' प्रकारच्या ठेवून वजाबाकीच केली तर उत्तर त्या वेळीही बरोबर येते. बेरीज करून पुढची वेळ आधीच ठरवणारे कोड मात्र तेथे चुकतात.

प्रश्न : मुलाने खेळण्यातल्या मोटरी वापरून गाडी बनवली. मोटर फिरू लागताच बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. नवी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली आहे. मोटरीची एक तार पिनेला आणि दुसरी ग्राउंडला आहे. कोड आम्ही अनेकदा तपासला.

उत्तर : कोड तपासणे थांबवावे आणि मोटरीची तार त्या पिनेतून ताबडतोब काढावी. येथे एकावर एक अशा तीन अडचणी आहेत.

पिन ही इशारा देण्यासाठी असते, शक्ती पुरवण्यासाठी नाही. थांबलेल्या मोटरीच्या वेटोळ्याचा रोध समजा २ ओहम असेल आणि तिला ६ व्होल्ट मिळाले, तर सुरू होण्याच्या क्षणी ती ३ अँपिअर मागते. फिरू लागल्यावर मोटर स्वतःच विरोधी व्होल्टेज निर्माण करते आणि ही मागणी बरीच खाली येते. मात्र चाक अडकले की ती पुन्हा वर जाते. पिनेची शिफारस केलेली मर्यादा २० मिलिअँपिअर, म्हणजे मागणी दीडशे पट आहे. म्हणून पिन आणि मोटर यांच्या मध्ये लहान इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा घटक, म्हणजे ट्रान्झिस्टर, मॉस्फेट किंवा मोटर ड्रायव्हर असलाच पाहिजे. गाडी पुढेमागे न्यायची असल्याने ड्रायव्हर घ्यावा. एल२९८एन हा ड्रायव्हर सर्वत्र दिसतो, पण तो जुन्या पद्धतीचा असल्याने त्याच्यातच २ व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात, आणि लहान बॅटरीवर ते परवडत नाही. टीबी६६१२ सारखा मॉस्फेटवर चालणारा ड्रायव्हर लहान मोटरींना अधिक मानवतो.

दुसरी अडचण बॅटरीची. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी धुराची सूचना देणारा गजर किंवा मल्टिमीटर अशा थोडा प्रवाह घेणाऱ्या उपकरणांसाठी असते. तिच्या आत लहान-लहान सहा सेल एकसर जोडलेले असतात आणि त्यांचा अंतर्गत रोध बराच असतो, त्यामुळे मोटरीने प्रवाह ओढताच तिचे व्होल्टेज कोसळते. ते पुरेसे खाली गेले की एटीमेगा चिप स्वतःच्या बचावासाठी रीसेट होते, आणि आपल्याला दिसणारे 'पुन्हा पहिल्यापासून' ते हेच. नवी बॅटरी आणून हे बदलत नाही. मोटरींसाठी डबल-ए आकाराच्या चार ते सहा सेलांचा वेगळा संच घ्यावा आणि बोर्डाला त्याचा स्वतःचा वेगळा पुरवठा द्यावा. दोन्ही पुरवठ्यांची ग्राउंड मात्र एकमेकांना जोडलेली हवी. हे विसरले तर बोर्डाने ड्रायव्हरला दिलेल्या इशाऱ्याला अर्थच राहत नाही, कारण ५ व्होल्ट म्हणजे कशाच्या तुलनेत ५, हे ठरवणारी जागा दोघांना सामाईक नसते. वेगळ्या बॅटऱ्या लावूनही काहीच हालत नाही अशी तक्रार असली की मी सर्वांत आधी ही तार पाहतो.

तिसरी अडचण मोटर बंद होतानाची. वेटोळ्यातला प्रवाह अचानक तोडला की उलट्या दिशेने उंच व्होल्टेजचा झटका निघतो. ड्रायव्हर मॉड्यूलवर त्याची वाट करून देणारे डायोड बहुधा असतात. सुटा ट्रान्झिस्टर वापरणार असाल तर १एन४००७ सारखा डायोड मोटरीच्या दोन टोकांमध्ये, पांढऱ्या पट्टीची बाजू धन टोकाकडे ठेवून, स्वतः लावावा लागतो. मोटरीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाग देऊन बसवला तर ब्रशांच्या ठिणग्यांचा उपद्रवही कमी होतो.

हे सारे पटवून घ्यायचे असेल तर मल्टिमीटर बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड या पिनांवर धरून मोटर सुरू करावी. आकडा खाली येताना मुलाला स्वतः दिसेल. साधा मीटर मंद असतो, क्षणिक घसरण त्याला पूर्ण टिपता येत नाही. किमान मूल्य धरून ठेवणारा मीटर असेल तर उत्तमच.

प्रश्न : प्रोग्राम बोर्डात चढतच नाही. दर वेळी वेगळाच लांबलचक संदेश येतो.

उत्तर : संदेश वाचण्याआधी केबल बदलावी. मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. केबल योग्य असेल तर बोर्ड जोडल्यावर आर्डुइनो सॉफ्टवेअरमधील पोर्टांच्या यादीत एका नावाची भर पडायला हवी. भर पडत नसेल तर यूएसबी चिपच्या ड्रायव्हरकडे वळावे. भर पडते आहे आणि तरीही प्रोग्राम चढत नाही, तर यादीतून आपलाच बोर्ड निवडला आहे ना, आणि उनोच्या ० व १ या पिनांना काही जोडलेले तर नाही ना, हे पाहावे. याच दोन पिनांवरून प्रोग्राम आत येतो. ईएसपी३२ च्या काही बोर्डांवर प्रोग्राम चढू लागेपर्यंत 'बूट' बटण दाबून धरावे लागते.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला स्क्रॅच येते. मला बाबांनी मायक्रोबिट आणून दिला आहे. त्यावर आधी काय करू?

उत्तर : मेककोड हे मायक्रोबिटसाठी ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्याचे संकेतस्थळ उघड, त्यातले ठोकळे तुला स्क्रॅचसारखेच वाटतील. मायक्रोबिट ब्रिटनमध्ये २०१६ साली तुझ्याच वयाच्या मुलांना वाटण्यासाठी बनवला गेला होता आणि त्यावर २५ दिवे, दोन बटणे व हालचाल ओळखणारा सेन्सर आधीच बसवलेला असतो, त्यामुळे एकही तार न जोडता सुरुवात करता येते. बोर्ड हलवला की १ ते ६ मधला एक आकडा दिसेल असा फासा बनव. तो चालला की तीच वस्तू शंभर वेळा हलवून प्रत्येक आकडा किती वेळा येतो ते वहीत लिही. मग ही मोजणी बोर्डालाच करायला लाव. हा दुसरा भाग जमायला वेळ लागेल, आणि त्यातच चल आणि यादी या दोन्ही गोष्टी तुला नीट कळतील.

प्रश्न : अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर उनोवर चालत होता. आता तो ईएसपी३२ ला जोडायचा आहे. तारा तशाच ठेवल्या तर चालेल का?

उत्तर : चालल्यासारखे दिसेल, पण तशाच ठेवू नयेत. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याची 'एको' पिन ५ व्होल्टचाच संकेत देते, तर ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एको आणि बोर्डाची पिन यांच्या मध्ये १ किलोओहम, आणि त्या पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम असे दोन रेझिस्टर लावले की ५ चे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३ व्होल्ट पिनेला मिळतात. 'ट्रिगर'च्या तारेला हे लागत नाही, कारण तेथे संकेत बोर्डाकडून सेन्सरकडे जातो आणि ३.३ व्होल्टचा संकेत सेन्सरला सहसा पुरतो.

कोडमधला ५८ हा भाजक कोठून येतो असेही आपण विचारले आहे. हा सेन्सर ध्वनी सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. २० अंश सेल्सियसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. त्यामुळे १ सेंटिमीटर जाऊन परत यायला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. तापमान एका अंशाने वाढले की हा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणून कडक उन्हात आणि थंडीत एकाच भिंतीचे अंतर थोडे वेगळे दिसते.

प्रश्न : रिले (विद्युत इशाऱ्यावर चालणारा स्विच) मॉड्यूल वापरून घरातला पंखा बोर्डावरून चालू-बंद करायचा आहे. ब्रेडबोर्डवर जोडणी दाखवणारी आकृती द्यावी.

उत्तर : ही आकृती देणार नाही. घरगुती विजेचा दाब जीव घेऊ शकतो, ब्रेडबोर्डातल्या पातळ पट्ट्या त्यासाठी बनलेल्या नसतात, आणि निसटलेली एक तार पुरेशी असते. तोच प्रोग्राम, तोच रिले आणि १२ व्होल्टचा लहान पंखा किंवा एलईडीची पट्टी घेऊन संपूर्ण प्रयोग करता येतो, आणि शिकण्यासारखे त्यात काही कमी पडत नाही. प्रत्यक्ष घरातला पंखा जोडायचाच असेल तर बंदिस्त, प्रमाणित स्मार्ट स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा.

प्रश्न : दाराशी लावलेला माझा मोजयंत्राचा प्रकल्प वीज गेली की शून्यावर येतो. उनोतल्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, आकडा साठवता येतो असे वाचले. लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात, दर फेरीला तो लिहून ठेवला तर चालेल ना?

उत्तर : चालेल, पण फार काळ नाही. उनोतल्या १ किलोबाइट ईईप्रॉमचा प्रत्येक बाइट सुमारे १ लाख वेळा लिहिण्याच्या हमीचा असतो. वाचण्यावर बंधन नाही, लिहिण्यावर आहे. एकदा लिहायला साधारण ३.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे लूपमध्ये अखंड लिहीत राहिल्यास ही हमी साडेपाच मिनिटांत संपते. सेकंदाला एकदा लिहिले तर अठ्ठावीस तासांत. 'राइट'ऐवजी 'अपडेट' हे फंक्शन वापरल्यास मूल्य बदलले असेल तरच लेखन होते. आपल्या यंत्रासमोरून दिवसाला शे-दोनशे माणसे जात असतील तर तेवढी सुधारणा वर्षभराहून अधिक पुरेल. त्यापुढे जायचे असेल तर प्रत्येक नोंदीऐवजी दर दहा नोंदींनंतर लिहावे, आणि वीज गेल्यास शेवटच्या नऊ नोंदी बुडू शकतात हे मान्य करावे.